काटकोन त्रिकोणासाठी पायथागोरसचे प्रमेय पुरेसे आहे का?

‘काटकोन त्रिकोण सोडवण्यासाठी त्रिकोणमितीची गरज नाही’ असे सांगणारा एक मजकूर विद्यार्थ्यांमध्ये आणि पालकांमध्ये मोठ्या प्रमाणावर फिरत आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने कोणतीही अज्ञात बाजू निघते. ३, ४, ५ बाजूंच्या त्रिकोणाचे कोन ३०, ६० व ९० अंशांचे असतात. कोन दुप्पट केला की समोरची बाजू दुप्पट होते. आणि एरवी कोनमापक पुरतो, अशी चार विधाने त्यात आहेत. परीक्षेच्या तोंडावर असा मजकूर वाचून कोणी त्रिकोणमितीचा अभ्यास सोडून देईल, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. हे प्रमेय तीन बाजूंमधला संबंध सांगते, त्यामुळे दोन बाजू माहीत असल्या तरच तिसरी मिळते. कर्ण १० सेंमी आणि एक लघुकोन ३५ अंश एवढीच माहिती असेल, तर प्रमेयातून फक्त ‘दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज १००’ इतकेच कळते आणि ही अट पाळणाऱ्या बाजूंच्या जोड्या अगणित असतात. त्यातली नेमकी जोडी कोणती, हे कोन ठरवतो. समरूप काटकोन त्रिकोणांत बाजूंची गुणोत्तरे सारखीच राहतात, म्हणून ३५ अंशांचा साइन (कोनासमोरची म्हणजे संमुख बाजू भागिले कर्ण) एकदा माहीत झाला की संमुख बाजू सुमारे ५.७४ सेंमी आणि कोसाइनवरून (लगतची बाजू भागिले कर्ण) लगतची बाजू सुमारे ८.१९ सेंमी मिळते. प्रमेयाचा उपयोग येथे पडताळ्यासाठी होतो, आणि तो अवश्य करावा.

दुसरे विधान सरळ चुकीचे आहे, आणि तेच सर्वांत जास्त पसरलेले दिसते. समभुज त्रिकोणाचे शिरोलंबाने दोन समान भाग केले की ३०-६०-९० चा त्रिकोण तयार होतो. साहजिकच त्यात कर्ण सर्वांत लहान बाजूच्या बरोबर दुप्पट असतो. ५ ही संख्या ३ ची दुप्पट नाही, एवढ्यावरच हे विधान कोसळते. खरे कोन काढायचे तर ३ भागिले ५ म्हणजे ०.६ हा ज्याचा साइन आहे तो कोन शोधावा लागतो. तो सुमारे ३६.८७ अंश येतो आणि दुसरा ५३.१३ अंश. याहून सुंदर गोष्ट अशी की, तिन्ही बाजू पूर्णांकांत असलेल्या कोणत्याही काटकोन त्रिकोणाचा लघुकोन कधीच पूर्ण अंशांत येत नाही. ५, १२, १३ घ्या किंवा ८, १५, १७ घ्या, दशांश चिन्हानंतरचे अंक येणारच.

तिसऱ्या विधानाला एक उदाहरण पुरे. लगतची बाजू १० सेंमी ठेवून कोन ४० अंशांचा घेतला तर संमुख बाजू सुमारे ८.३९ सेंमी येते. कोन ८० अंश केला तर ती ५६.७१ सेंमी होते, म्हणजे जवळजवळ पावणेसात पट. दोन-चार अंशांच्या लहान कोनांपुरते हे प्रमाण जवळपास टिकते, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तेथेच असावे.

राहिला कोनमापक. कोन मोजला तरी त्यावरून बाजू काढायला गुणोत्तर लागतेच. प्रमाणात आकृती काढून बाजू मोजली तर कोनातली चूक त्या बाजूत उतरते. पायथ्यापासून १० मीटरवर उभे राहून एखाद्या वस्तूच्या टोकाचा उन्नतकोन (नजर आडव्या रेषेपासून जितकी वर उचलावी लागते तो कोन) ८० अंश मोजला आणि त्यात एका अंशाची चूक असली, तर डोळ्यांच्या पातळीपासूनची उंची ५१.४ पासून ६३.१ मीटरपर्यंत काहीही असू शकते. तेवढ्याच अंतरावर कोन ४५ अंश असेल, तर तीच चूक उंचीला फक्त ९.६६ ते १०.३६ मीटरच्या दरम्यान हलवते. म्हणून कोनमापक वापरायचाच असेल, तर उन्नतकोन ४५ अंशांच्या आसपास येईल इतके अंतर आधी निवडावे. आणि हे अंतर का निवडायचे, ते टॅन्जंटच्या (संमुख बाजू भागिले लगतची बाजू) किमती पाहिल्याशिवाय कळत नाही.