हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी

लग्न झालेल्या बहिणीनं माहेरच्या जमिनीवरचा, घरावरचा हक्क भावासाठी सोडायचा असतो, ही रीत आता थांबायला हवी. मी हे पूर्ण विचार करून लिहितेय. नात्यातल्या काहींना ते आवडणार नाही, तरीही लिहितेय.

पुण्याभोवतीचं हिंजवडी, माण, वाघोली, मांजरी, कुठलंही गाव घ्या. जिथे भात आणि ज्वारी होती तिथे आज गुंठ्याच्या भावाशिवाय दुसरं बोलणं नाही. जमीन बिल्डरला द्यायची ठरली, किंवा रिंगरोडचा मोबदला यायचा असला की सातबारा काढला जातो, आणि मग बहिणी आठवतात. वारस म्हणून त्यांची नावं तिथे लागलेली असतात, किंवा लागायला हवी होती हे वकील लक्षात आणून देतो. मग फोन जातो: "ताई, गुरुवारी जरा वेळ काढ, एक सही आहे." दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा, फोटो, सही. बाहेर येऊन सगळे मिळून जेवतात. त्या दिवशी आपण नेमकं किती सोडलं, हे कित्येक बायकांना कधीच कळत नाही, कारण तो कागद त्यांना कुणी वाचूनच दाखवलेला नसतो.

हे फक्त शेतकरी घरांतलं आहे असं शहरातल्यांनी समजू नये. सदाशिव पेठेतला वाडा पाडायचा असतो, एरंडवण्यातली जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाते, तेव्हाही हेच होतं. बोलणं तेवढं मऊ असतं. "तुला काय कमी आहे? तुझ्या नवऱ्याचं इतकं छान चाललंय."

कायदा काय सांगतो? 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारस केलं, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मानं मिळणारा हक्क तिला दिला नाही. डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं त्यामागे बायकांना वारसाहक्क देऊ पाहणारं, पण रखडलेलं हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं, हे इथे आठवायलाच हवं. 1994 मध्ये महाराष्ट्रानं मुलींना मुलांच्या बरोबरीनं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं वाटेकरी केलं, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर ही दुरुस्ती लागू झाली, लग्न झालेलं असो वा नसो. आणि 2020 मध्ये विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानंच येतो, त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या यातून बाहेर ठेवल्या आहेत.

म्हणजे कायद्याचं काम बरंचसं झालंय. तरी सही होते, आणि ती करायला लावण्यासाठी धाक घालावा लागत नाही. "भावाकडे वाटा मागितला तर माहेर तुटतं" हे वाक्य ऐकतच मुलगी मोठी झालेली असते. माहेर म्हणजे तिच्यासाठी आजारपणात जायची जागा, सासरी बिनसलं तर पाठीशी उभी राहणारी माणसं. तेवढा एक आधार टिकवायला ती एकर-दीड एकरावर पाणी सोडते. हा निर्णय तिचा असतो असं म्हणणं मला मान्य नाही. भावाला बहिणीशी नातं टिकवण्यासाठी कधी काही सोडावं लागतं का?

माझ्या आईनं नव्वदच्या दशकात अशी सही केली. कायद्यानं तिचा हिस्सा तेव्हा छोटाच होता, पण होता. मामा वाईट माणूस नाही. दर भाऊबीजेला तो येतो, साडी आणतो, आईची चौकशी मनापासून करतो. त्या जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत आणि मामाची मुलं तिथेच राहतात. बाबा गेल्यावर आईच्या नावावर अंगावरच्या सोन्याखेरीज काही नव्हतं. नवीन चष्मा करायचा तरी ती आधी आम्हाला विचारायची, आणि विचारताना तिचा आवाज बदलायचा. आयुष्यभर घर ज्या बाईनं चालवलं, तिला सत्तरीत स्वतःच्या चष्म्यासाठी परवानगी मागावीशी वाटते, याचा मला आजही संताप येतो.

भावांची बाजू मी अनेकदा ऐकलीय. पहिलं म्हणणं असतं, "तिच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा." तो खर्च मांडवात, जेवणावळीत आणि व्याह्यांच्या मानपानात गेला. तिच्या नावावर त्यातला रुपयाही जमा झाला नाही. आणि भावाच्या लग्नाचा खर्च कुणी त्याच्या वाट्यातून वजा केलाय?

दुसरं म्हणणं जास्त गंभीर आहे: "आई-वडिलांना आम्ही सांभाळतो." खरंय, पुष्कळ भाऊ सांभाळतात. मुलगा म्हणून ते ओझं त्यांच्यावर न विचारता पडतं. बाहेरगावची चांगली नोकरी सोडून घराजवळ थांबलेले, बहिणींच्या लग्नाचं कर्ज वर्षानुवर्षं फेडणारे पुरुष मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यावर उपाय बहिणीचा वाटा काढून घेणं हा नाही, जबाबदारीही वाटून घेणं हा आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखंच जबाबदार धरतो. बहिणींनीही हे तितक्याच गांभीर्यानं घ्यायला हवं. वाटा हवा आणि आईच्या ऑपरेशनला फक्त भेटायला यायचं, हे चालणार नाही.

आणि घरात प्रत्यक्ष सांभाळतं कोण? पथ्याचं जेवण, रात्रीचं उठणं, डायपर बदलणं बहुतेक घरांत वहिनी करते. सासऱ्यांच्या मिळकतीत तिला स्वतःचा म्हणून जन्मानं काही हक्क नाही. जे यायचं ते नवऱ्यामार्फत, आणि बहुतेक वेळा त्याच्या माघारी. तिच्या माहेरी तिला सांगितलेलं असतं की तुझं घर आता ते. सासरी म्हणतात, हे आमच्या घराण्याचं. या दोन दारांच्या मध्ये बाईचं सगळं आयुष्य जातं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये, म्हणजे शेती ज्यांच्या ताब्यात आहे अशी नोंद असलेल्यांमध्ये, स्त्रिया जेमतेम 14 टक्के होत्या. शेतात खुरपणी-लावणीला किती असतात, ते मुळशीत पावसाळ्यात जाऊन बघा.

यावर आपल्याच जिल्ह्यातून एक मोठा प्रयत्न झाला होता. चाकणजवळ आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी शेतकरी संघटनेमार्फत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. गावोगावच्या पुरुषांनी ते केलंही. म्हणजे पुरुषांना हे पटतच नाही, असं नाही. नीट समोर मांडलं तर पटतं.

म्हणून भावांना माझी विनंती आहे, वडिलांच्या माघारी वारस नोंद करताना बहिणींची नावं स्वतःहून घाला. तिला मागायला लावू नका.

आणि बहिणींनो, सही मागितली तर मसुदा आदल्या आठवड्यात घरी मागवा. सातबारा महाभूलेखवर बघता येतो, तो बघा, फेरफारही तपासा. गट नंबर, क्षेत्र, आजचा भाव माहीत करून घ्या. सगळं कळल्यावरही भावाला द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, पण किती देतोय ते कळून द्या. हक्कसोड न करता वाटणीपत्र करता येतं, थोडा हिस्सा ठेवून बाकीचा सोडता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रीला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असलं तरी. जाताना आधार कार्ड आणि सातबाऱ्याची प्रत बरोबर ठेवा. एकटीनं जायला अवघड वाटत असेल तर मला मेसेज करा, मी सोबत येईन.