खुलासा: पोटातला जंतू काढ्याने जात नाही

ऐरोली-घणसोलीच्या सोसायटी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू प्रतिकारशक्ती वाढवली की आपोआप मरतो. काढा घ्या, अँटिबायोटिक नको. खात्रीसाठी शेवटी रक्तातल्या अँटिबॉडी तपासा.' हे चूक आहे.

प्रतिकारशक्ती गप्प बसलेली नसतेच. जठराच्या अस्तरात न्यूट्रोफिल आणि टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जमतात, रक्तात अँटिबॉडीही तयार होतात. पण जंतूचा मुक्काम बहुतांशी अस्तरावरच्या चिकट थरात, जिथे या पेशी नीट पोचत नाहीत. शिवाय युरिएज हे विकर वापरून तो अमोनिया बनवतो आणि भोवतालचे आम्ल सौम्य करतो. त्यामुळे संसर्ग वर्षानुवर्षे टिकतो, सूजही. अस्तराचे नुकसान जंतू करतोच, पण बरेचसे या न संपणाऱ्या प्रतिकारामुळेही होते. मग तो 'वाढवून' नेमके काय साधणार?

अँटिबॉडींचे म्हणाल, तर जंतू गेल्यावरही त्या अनेक महिने रक्तात राहतात. बरे झालो का, हे श्वासाच्या युरिया चाचणीने किंवा शौचात जंतूचे अंश शोधणाऱ्या अँटिजेन चाचणीने कळते, तेही अँटिबायोटिक संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी. उपचार डॉक्टरच ठरवतात: साधारण 14 दिवस, एकाहून अधिक अँटिबायोटिक आणि सोबत आम्ल कमी करणारी गोळी.