ओल्ड ट्रॅफर्डच्या जागी नवं स्टेडियम: आपल्या युनायटेडवाल्यांशी थोडं बोलायचंय

मार्च २०२५ मध्ये आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीने मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमची चित्रं दाखवली आणि आपल्याकडच्या ग्रुपांवर ती अजून फिरतायत. एक लाख प्रेक्षक, तीन उंच मनोरे, त्यावर ताणलेलं भलंमोठं छत. चित्रं देखणी आहेत, वादच नाही. पण मँचेस्टरमध्ये बाप-आज्यापासून मॅचला जाणारे लोक शंका काढतायत, तर त्यांना इथे बसून "रडके" म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही.

ओल्ड ट्रॅफर्डची, म्हणजे युनायटेडच्या सध्याच्या मैदानाची, अवस्था वाईट आहे, हे मान्यच. मे २०२४ मध्ये आर्सेनलबरोबरच्या मॅचनंतर छतातून स्टँडमध्ये धो-धो पाणी पडत होतं, आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. पण ही वेळ आली कशी? २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने साधारण ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा पैसा कर्जाचा होता आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं गेलं. त्याआधी युनायटेडवर कर्ज नव्हतं! तेव्हापासून तिकिटांचा, जर्सीचा, टीव्हीचा पैसा व्याजात जातोय. २००६ मध्ये स्टँडचे दोन कोपरे वाढवले, त्यानंतर मैदानावर मोठं काम झालेलं नाही. आजही क्लबचा ताबा ग्लेझरांकडेच आहे. ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांचा हिस्सा तिसऱ्या भागाहून कमी. आणि आता हीच मंडळी २०० कोटी पौंडांचं, म्हणजे वीस हजार कोटी रुपयांहून जास्तीचं स्टेडियम बांधतो म्हणतात. घोषणा केली त्या दिवशी पैसे कुठून येणार, हे सांगितलं नाही. मग माणसाने विचारायचं नाही?

आर्सेनल २००६ मध्ये हायबरी हे जुनं मैदान सोडून एमिरेट्स या नव्या स्टेडियममध्ये गेलं. त्याच्या कर्जापायी पुढची कित्येक वर्षं त्यांना हात आखडून राहावं लागलं आणि फाब्रेगास, नासरी, व्हॅन पर्सी असे खेळाडू एकेक करून गेले. व्हॅन पर्सी तर आपल्याकडे आला आणि २०१३ ची प्रीमियर लीग जिंकून दिली. आपण तेव्हा नाचलो. तीच पाळी आपल्यावर येणार नाही, याची हमी कोण देतंय? २०२४-२५ ला आपण लीगमध्ये पंधरावे आलो, त्याच काळात क्लबने शेकडो कर्मचारी कमी केले.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो तिकिटांचा मुद्दा. २०२४ च्या शेवटी, सीझन अर्धवट असताना, सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला. मुलांना सवलत नव्हती, म्हाताऱ्यांना नव्हती. दोन लेकरांना घेऊन जाणाऱ्या बापाचे एका मॅचला वीस हजार रुपये! क्लबला हे परवडतं, कारण त्याची खुर्ची घ्यायला आपण तयार असतो. पुण्या-मुंबईहून आयुष्यात एकदा जाणारा माणूस पॅकेज घेतो, दुकानातून पिशव्या भरून आणतो. दर पंधरा दिवसांनी येणारा स्थानिक माणूस तेवढा खर्च करत नाही. मीही तसाच गेलोय, आणि शेजारच्या सीझन तिकीटवाल्या आजोबांनी शेवटपर्यंत गाणी म्हटली नसती तर मी नेमकं काय बघायला गेलो होतो, हा प्रश्नच आहे. वाढलेल्या पंचवीस-सव्वीस हजार जागांपैकी किती जागा त्या लोकांना परवडतील, ते आधी लेखी द्या.

हे आपल्याला कळू नये? २०११ ची वर्ल्ड कप फायनल वानखेडेवर झाली तेव्हा ३३ हजारांपैकी जेमतेम ४ हजार तिकिटं सामान्य लोकांसाठी विक्रीला होती. मैदान आपल्या शहरात, आणि मॅच टीव्हीवर.

जुन्या मैदानाचं काय करणार, हेही नीट सांगायला हवं. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात गेलेल्या २३ जणांची आठवण जपणारं घड्याळ तिथे आहे. एव्हर्टन क्लबच्या पुरुष संघाने २०२५ मध्ये आपलं जुनं मैदान गुडिसन सोडलं, पण ते पाडलं नाही, महिला संघाला दिलं. असं काही आपल्याला का सुचू नये?

नवं स्टेडियम मलाही हवंय, पण कर्जाचा हिशोब आणि तिकिटांचे दर समोर आल्यावर. तोवर ग्रुपवर कुणी स्ट्रेटफर्ड एंडच्या, म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डमधल्या कट्टर चाहत्यांच्या स्टँडमधल्या, माणसाची तक्रार टाकली, तर कृपा करून त्याखाली हसण्याचे इमोजी टाकू नका.