पदव्या कोणी वाटल्या?

उच्च शिक्षणाच्या विस्तारावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, ‘पदव्या रेवड्यांसारख्या वाटल्या म्हणूनच दर्जा बुडाला, आणि तुमच्यासारखे लोक पटसंख्येचे गोडवे गात बसले आहेत.’ महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ मध्ये परवानगी मिळाली, माझ्या लेखात १९८४ पडले होते. ही आपली दुरुस्ती मान्य करून मी लेखात बदल केला आहे. परंतु मतभेद मांडण्यासाठी ‘तुमच्यासारखे लोक’ ही भाषा कशाला हवी होती?

‘वाटल्या’ हा शब्द तर मला फारच लागला. वाटलेली वस्तू फुकट मिळते. आपल्याकडे १९८३ नंतर ज्या जागा वाढल्या त्यांचा खर्च मुख्यतः पालकांनी उचलला, आणि त्यापायी जमीन गहाण पडलेली घरे मी जवळून पाहिली आहेत. इंग्लंडमध्ये क्रम उलटा होता: उच्च शिक्षणावरील १९६३ च्या रॉबिन्स समितीच्या अहवालाने पात्र असणाऱ्या प्रत्येकाला जागा मिळावी असे म्हटले, पुढचा विस्तार बराच काळ सरकारी पैशावर झाला, आणि वर्षाला १००० पौंडांपर्यंतचे शुल्क १९९८ मध्ये आले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रो यांनी १९७३ मध्येच मांडले होते की, महाविद्यालयीन वयोगटातील सुमारे १५ टक्के मुले आत आली की उच्च शिक्षण मूठभरांचे राहत नाही, आणि मग अभ्यासक्रम, अध्यापनाची रीत, इतकेच काय, ‘दर्जा’ या शब्दाचा अर्थही बदलू लागतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात आपले सकल पटनोंदणीचे प्रमाण, म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांचे प्रमाण, २८.४ टक्के होते. अशा व्यवस्थेला मूठभरांच्या काळातली फूटपट्टी लावून ती ‘बुडाली’ असे ठरवणे मला उतावीळपणाचे वाटते.

माझे वडील बाजार समितीत हमाली करत. घरातली पहिली पदवी मी तालुक्याच्या महाविद्यालयातून मिळवली आणि एम. ए. साठी शहरात गेलो, तेव्हा पहिल्याच तासाला एका प्राध्यापकांनी ‘तालुक्याकडून आलेल्यांनी मागे बसावे’ असे सुनावले. तुमच्या वाक्यात मला तोच स्वर ऐकू आला. मागच्या बाकावर बसूनच मी प्रथम वर्ग मिळवला. मला कोणी काही वाटून दिले नव्हते.

प्राध्यापकांची रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील तुटपुंजे मानधन आणि ओस पडलेले वर्ग हे तुमचे उरलेले मुद्दे वेगळ्या विषयाचे आहेत. त्यांत मी आज शिरत नाही. मात्र खर्च कोणी सोसला याबद्दलच त्या लेखाचा तिसरा परिच्छेद होता, आणि तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. पुन्हा लिहिण्यापूर्वी तेवढा तरी वाचावा, ही विनंती.