ब्रेक बसतील, तुम्ही फक्त धीर धरा

पॅड बदलून गाडी घरी आणली आणि पेडल चहात बुडवलेल्या पावासारखं आत जातंय? अभिनंदन. आता लगेच गॅरेजकडे धावू नका. मिस्त्रींनी सांगितलंच आहे, "शे-दोनशे किलोमीटर पळवा, बसतील." नवे पॅड डिस्कवर बसायला थोडं अंतर लागतं, हे खोटं नाही. मग ब्रेक ऑइलच्या लाइनीत राहिलेली हवाही त्यांच्यासोबत बसेल, एवढा विश्वास ठेवायला काय जातंय? द्रव दबत नाही, हवा दबते, हे शाळेत शिकवलं होतं खरं. पण शाळेतलं पुढे कुठे उपयोगी पडतं!

दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल कडक होतं ना? मग झालं तर. पुढची रिक्षा अचानक थांबायच्या आधी दोन-तीनदा पंप करून ठेवायचं. रिक्षावाले तेवढी पूर्वसूचना देतातच. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलचा जोर ऑइलवर टाकणाऱ्या पंपाचं, सील गेल्याची शंका येते. म्हणून पाय दाबून धरूच नये.

हवा काढायची हौसच असेल, तर घरी काढा. चाकापाशी हवा सोडायला जे निपल असतं त्याला पारदर्शक नळी लावायची, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलात बुडवायचं, आणि पेडलवर मेव्हण्याला बसवायचं. त्याने दाबून धरलं की तुम्ही निपल सैल करायचं, पुन्हा आवळायचं आणि मगच त्याने पाय उचलायचा. मेव्हणा फोनवर असल्यामुळे तुम्ही पाना फिरवायच्या आत पाय उचलतो. बाहेर आलेले बुडबुडे सुखरूप आत परततात. तेवढ्यात वरची टाकी रिकामी होऊन तिकडूनही हवा शिरते, म्हणजे कोणीच उपाशी राहत नाही.

पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर डावे-उजवे उलट बसलेत का, हे मात्र मुळीच पाहू नका. निपल खालच्या बाजूला आलं की हवा वर अडकून राहते. तुम्ही लिटरभर ऑइल ओता, ती हलत नाही. दुकानदाराचा धंदा तेवढाच चालतो.

ऑइलचा डबाही नवा कशाला? गेल्या पावसाळ्याआधी फोडलेला माळ्यावर असेलच. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. 'डॉट ४' दर्जाचं ऑइल कोरडं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. ओल धरल्यावर तीच अपेक्षा १५५ वर येते. कोकणातला एक पावसाळा पाहिलेलं ऑइल घेऊन आंबेनळी घाट उतरा, ब्रेक सतत दाबून धरा. ऑइलची वाफ झाली की पेडल थेट तळाला टेकतं आणि पोलादपूर लवकर येतं. चढताना जो गिअर, उतरताना तोच, हा ट्रकवाल्यांचा नियम. तुमची कार आहे.

कोणी सुचवेल की मिस्त्रींनाच शेजारी बसवून त्याच घाटात एक ट्रायल मारावी. तो आगाऊपणा करू नका. ब्रेकचं काम कसं झालंय ते त्यांना पक्कं माहीत असतं. ते गाडीत बसणार नाहीत.