२०४७ पर्यंत माझ्या चेडवान काय करुचा?

ढाक्यात फुटबॉलमध्ये हरल्याचा विषय कट्ट्यावर काढायचा नाही, असं नोव्हेंबरातच ठरलं होतं. आमच्यातल्या मँचेस्टरने (हे त्याचं टोपणनाव) तो काढलाच. २०२५च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, त्याच आठवड्यातली ही संध्याकाळ. हा गडी तिथे जाऊन आला होता, त्यामुळे सावंतवाडीच्या मोती तलावाच्या कठड्यावर टेकल्या टेकल्या सुरू झाला.

"बावीस वर्षांनी बांगलादेशकडून हरलो आपण. का? त्यांनी हमझा चौधरी आणला. इंग्लंडात जन्मला, लेस्टरला खेळला. मडगावच्या फातोर्ड्याला आपल्याला दोन गोल कोणी मारले? साँग उई-याँगने. जन्म कोरियातला, खेळतो सिंगापूरकडून. जग कुठे चाललंय आणि आपण पासपोर्ट बघत बसलोय."

मँचेस्टरचं मेडिकल आहे. काउंटरवर लाल जर्सी घालून बसतो आणि क्रोसिन देताना गिऱ्हाइकाला मिडफिल्ड समजावतो. मात्र साँगचं त्याने सांगितलं ते खरं होतं. ते दोन्ही गोल आम्ही चौघांनी डोळ्यांनी पाहिले होते. १४ ऑक्टोबर, मडगाव. आपल्या छांगटेने सुरुवातीलाच गोल केला तेव्हा तात्यासारखा क्रिकेटवाला माणूससुद्धा खुर्चीवर उभा राहिला होता. १-२ हरून परत येताना पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. आशिया कपला जायची आशा तिथेच संपली होती. पुढे २०२६च्या ३१ मार्चला हाँगकाँगशी मॅच उरली होती, तिचा काही उपयोग नव्हता, तरी आम्ही बघणार होतो.

बाबल रिक्षा लावून आला आणि त्याने अर्ध्यातूनच धागा पकडला.

"रायन विल्यम्सान भारताकडसून खेळूक ऑस्ट्रेलियाचो पासपोर्ट सोडल्यान. मानलंय तेका. पण ढाक्याक जावन कागदाची वाट बघीत भायर बसलो. बरा, तसले अकरा जण तू विमानान हाडशीत. मगे तेंच्या पाठसून खेळणारी पोरां खयसून हाडशीत? तीय विमानान?"

मँचेस्टर म्हणाला, "केप व्हर्डे वर्ल्ड कपला गेलं. निम्मी टीम युरोपात वाढलेली आहे."

"केप व्हर्डेची वस्ती किती?" मास्तरांनी विचारलं.

"पाच लाखांच्या आसपास."

"आपला जिल्हा साडेआठ लाखांचा. २०११ची जनगणना." मास्तरांनी एवढं सांगून चहाचा घोट घेतला. मास्तर आयुष्यभर पीटी शिकवून निवृत्त झालेत, आणि आकडा टाकून गप्प बसायची त्यांची सवय अजून गेली नाही.

मग मँचेस्टरने वानखेडे काढलं. सचिनने मेस्सीला आपली जर्सी दिली, छेत्री आला होता, माणसांचा समुद्र होता. आणि महत्त्वाचं म्हणजे सरकारचा 'महादेवा' प्रकल्प. तेरा वर्षांखालच्या तीस मुली, तीस मुलगे, पाच वर्षांची शिष्यवृत्ती. "भुवनेश्वरला आर्सेनलचे जुने कोच वेंगर स्वतः येऊन फिफाची अकादमी सुरू करून गेले. फेडरेशनचं व्हिजन २०४७ आहे. आशियात पहिल्या चारांत! रोडमॅप तयार आहे रे, तुम्ही लोक निगेटिव्ह आहात."

"मेस्सी केवढो दिसलो?" तात्याने मध्येच विचारलं.

"स्क्रीनवर क्लियर दिसला."

"आणि रोनाल्डो?"

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच होता. ऑक्टोबरात रोनाल्डोची टीम अल नस्र एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्याला आलं, तेव्हा मँचेस्टरने तिकीट महिनाभर आधी काढून दुकानात दाखवलं होतं. रोनाल्डो आलाच नाही. हा तर इतका रागावला की ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला तेव्हा फोनवर तिकिटाचे पैसे परत मिळतात का ते बघत होता. अल नस्रसारख्या टीमला गोव्याच्या पोराने मारलेला गोल! मास्तर हे त्याला कधी माफ करणार नाहीत.

हशा ओसरल्यावर बाबल म्हणाला, "२०४७ म्हणतंस. माझा चेडू आता बारा वर्सांचा. तवसर ता चौतीस वर्सांचा जातला. २०४७ पर्यंत माझ्या चेडवान काय करुचा?"

"अकादमीच्या ट्रायल्सना पाठव ना."

"पाठयलंय. रिक्षा बंद ठेवन घेवन गेलंय. दहा मिनटां बघितल्यानी आणि सांगल्यानी, फुडच्या वर्सा ये." तो क्षणभर थांबला. "दहा मिनटात नाय दिसला तां चालात. माझा म्हणणा ह्या, की वर्सभरात तेना मॅची खेळल्यान किती?"

किती ते आम्हाला ठाऊक होतं. पावसाळ्यात शाळेची स्पर्धा. तालुका, मग जिल्हा. जिल्ह्यात जिंकलात तर विभाग, आणि आपला विभाग कोल्हापूर. म्हणजे जिथे पेठापेठांत तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियम भरतं आणि शेंबडं पोरसुद्धा पाटाकडीलकडून की दिलबहारकडून हे आधी विचारतं, त्या गावाशी गाठ. तिथे पहिल्याच मॅचला सात-आठ गोल खाऊन पोरं घाट उतरून परत येतात. संपलं वर्ष. हरल्याचं दुःख नाही, पण पुढची मॅच अकरा महिन्यांनी असते. झालेली चूक सुधारायची कुठे? २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला महाराष्ट्राचा अनिकेत जाधव खेळला, तो कोल्हापूरचाच आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. त्यात नवल काही नाही. त्याला लहानपणापासून खेळायला मॅच मिळत होती.

मला बाबलचं पटतं ते याच ठिकाणी. आम्ही गेली कित्येक वर्षं आराखडे वाचतोय. २०१७ साली शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते, आमच्या इथेही आले. त्यातले काही हवा न भरताच कपाटात राहिले, कारण पुढे खेळायचं कोणाशी हेच कोणी ठरवलं नव्हतं. चेंडू, मैदान, कोच, आहार हे सगळं लागतंच. पण बारा ते सोळा या वयात पोराला आठवड्याला एक खरी मॅच मिळाली नाही, तर बाकीच्या खर्चातून नुसता चांगला सराव करणारा खेळाडू तयार होतो. त्या २०१७च्या पोरांना निदान इंडियन अ‍ॅरोज नावाची टीम म्हणून एकत्र ठेवून आय-लीग या देशाच्या लीगमध्ये मोठ्यांशी भिडवलं. २०२२ मध्ये तेही बंद केलं.

मास्तरांनी उझबेकिस्तान काढलं. "दोन वर्षांपूर्वीच्या आशिया कपला आपल्याला तीन गोल मारून गेले, आठवतंय? २०२३ला वीसखालच्या आशियाचे विजेते. २०२४ला ऑलिंपिक. यंदा एप्रिलमध्ये सतराखालच्या आशियाचे विजेते. आणि आता थोरली टीम पहिल्यांदा वर्ल्ड कपला. एकाच माळेतली पोरं वर सरकतायत. जपाननेही कागद काढलाय, २०५०पर्यंत वर्ल्ड कप जिंकू म्हणून. पण तो लिहिला २००५ साली, आणि त्याआधी १९९३ पासून लीग चालू आहे. आपल्याकडे कागद आहे, आणि लीग?"

लीगचं कोणी बोललं नाही. डिसेंबर अर्धा उलटला होता आणि इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, पत्ता नव्हता. लीग चालवायचा करार संपला होता, निविदेला कोणी आलं नव्हतं. ज्या देशाची पहिली लीग कधी सुरू होणार हे तिच्या खेळाडूंना माहीत नव्हतं, तो देश रँकिंगमध्ये १४०च्या खाली गेला याचं खापर एकट्या कोच खालिद जमीलवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने येताच मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्या घरात हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. पुढे त्याला पोरं दिली ती बिनसामन्यांची.

"पण सतराखालच्यांनी इराणक हरवल्यानी मां," बाबल म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम चढला. "अहमदाबादेक. इराणाक नुसती बरोबरी पुरा होती. एक गोल खावन मगे दोन मारल्यानी. आणि कोच कोण? बिबियानो. हयचो, शेजारचो, गोयचो. आणि चेडवां बघ. थायलंडाक थायलंडात हरवन मार्चात ऑस्ट्रेलियाक चललीत. वीसखालची गेली, सतराखालची गेली. आशिया कपाक घरातली चेडवां सगळी गेली, मोठे बापये घरात रवले."

यावर मँचेस्टरजवळ उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "विमेन्स फुटबॉलमध्ये कॉम्पिटिशन कमी असते." बाबलने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने चहा मागवला.

एवढा वेळ तात्या शेंगदाणे खात होता. तात्या म्हणजे आमच्याकडचा टेनिस बॉल क्रिकेटचा राजा. ट्रॉफ्या, लाऊडस्पीकर, फ्लडलाइट, सगळं त्याच्याकडून. त्याला ही चर्चाच फुकटची वाटत होती. "तुमी आराखडे करा. माझ्या टुर्नामेंटाक बत्तीस टीमी येतत. पोरगो दोन दिवसात चार मॅची खेळता. शनिवारी हय, फुडच्या शनिवारी कुडाळाक, मगे बांद्याक. मे महिन्यात तेचा बूड घराक लागना नाय."

बाबल उठून उभाच राहिला. "ह्याच! ह्याच मी तासभर सांगतंय! मास्तर, ऐकलात? ह्या माणसाक फेडरेशनात पाठवा!"

मास्तर मान हलवत होते. गोव्यातसुद्धा हेच होतं, ते म्हणाले. चर्चच्या बाजूला मैदान, गावागावांच्या स्पर्धा, त्यातून साळगावकर, धेंपो, चर्चिल यांना पोरं मिळायची. २०१६ला साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग सोडली, तरी गावाच्या स्पर्धा राहिल्या म्हणून ब्रायसनसारखे अजून निघतात. आपण सीमेपासून अर्ध्या तासावर, पण आपल्या दोडामार्ग-बांद्याच्या पोराला मॅच खेळायची तर गोव्यात मामा असावा लागतो.

"फेडरेशनात जाऊक माझी ना नाय," तात्या खूश होऊन म्हणाला.

"आधी गोलपोस्ट परत दी," बाबल म्हणाला.

आणि झालं. हे भांडण जुनं आहे. मास्तरांनी पोरांकडून बांबूचे गोलपोस्ट पुरून घेतले होते, चुन्याने रंगवले होते. तात्याच्या नाइट टुर्नामेंटच्या आधी ते मैदानातून गायब झाले आणि कॉमेंट्रीच्या मंडपाला पांढरे बांबू दिसले. तात्या आजवर एकच सांगत आलाय.

"कितीदा सांगू, तौक्त्याच्या वाऱ्यान गेले ते."

"तौक्ते वादळ २०२१चं," मास्तर शांतपणे म्हणाले. "त्या मे महिन्यात लॉकडाऊन होता. तुझी टुर्नामेंट कुठे झाली त्या वर्षी? खांब त्याच्या आधी गेले."

इतकी वर्षं हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तात्याने शेंगदाण्याची पुडी दुमडली, तलावाकडे बघितलं, पुडी उघडली.

"बरा. चार खांब देतंय. लोखंडी. वेंगुर्ल्यासून रापणीची जुनी जाळी हाडतंय, नेट म्हणान. रविवारी सकाळी मैदान तुमचा. पण कॉमेंट्री माझी."

"तुला ऑफसाइड कळतो का?" मँचेस्टरने विचारलं.

"ता कोणाक कळता? थय कॅमेरे लावन, रेघो मारून बघतत, तरी भांडतत."

"कतारला कॅमेरे असते तर!" मास्तर एकदम म्हणाले, आणि आकडे सोडून मास्तरांना ओरडताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं. "दोहा! जून २०२४! छांगटेच्या गोलवर आपण पुढे होतो! बॉल रेषेच्या बाहेर गेला होता, अख्ख्या जगाने पाहिलं! ओढून आत आणला आणि गोल दिला!"

त्यानंतर संध्याकाळभरात पहिल्यांदा चौघांचंही एकमत झालं. सगळे एकदम बोलत होते. गोलकीपर गुरप्रीत कुठे होता, लाइन्समन कुठे बघत होता, वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीला गेलो असतो, तेव्हाचा कोच स्टिमॅक राहिला असता की नसता. मँचेस्टर उतरून रस्त्यावर आला. कठड्याची सावली ही गोललाइन, तात्याचं हेल्मेट हा बॉल, असं मांडून तो सांगू लागला, "हा बॉल इथे, बाहेर, पूर्ण बाहेर! हाश्मी हुसेनने असा ओढला, आयमेनने असा मारला..."

त्याने खरंच मारला. हेल्मेट चहाच्या ट्रेला लागलं आणि चारही ग्लास तात्याच्या पांढऱ्या लेंग्यावर.

"गोल!" बाबल ओरडला.

"बाहेरून होता!" मास्तर म्हणाले. "गोल नाही!"

तात्या लेंगा झटकत उभा होता आणि तो काय बोलत होता ते इथे छापता येणार नाही.