सिंगल म्हणजे एकाची

कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या, तिसऱ्या राऊंडला लेकीचा पुण्यातल्या कॉलेजला नंबर लागला, हॉस्टेल पण मिळालं, पेढे वाटून झाले आणि मला वाटलं चला, सुटलो, आता फक्त फी भरायची. बारावी, सीईटी, ऑप्शन फॉर्म भरताना रात्री दीड वाजता हँग होणारी साईट, एवढं सगळं पार केलेल्या माणसाला एक बादली आणि एक गादी घेणं काय अवघड असणार?

तर असतं.

सुरुवात यादीपासून झाली. बायकोने जुन्या डायरीच्या मागच्या पानावर यादी केली, 31 वस्तू, आणि इथपर्यंत सगळं माणसात होतं. मग तिने त्या पानाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, "काही राहिलंय का बघा गं" असं लिहून. आता असं विचारल्यावर "नाही, सगळं आलंय" असं म्हणणारा नातेवाईक अजून जन्माला यायचाय. माझ्या बहिणीने सुई-दोरा टाकला, मेव्हण्याने टॉर्च, काकूने हळद (लागलं-खुपलं तर), आणि ज्या चुलतभावाने उभ्या आयुष्यात हॉस्टेल फक्त बाहेरून पाहिलंय त्याने पाणी तापवायचा रॉड. संध्याकाळपर्यंत 74 वस्तू झाल्या. ग्रुपवर नसलेल्या माझ्या आईने स्वयंपाकघरातूनच पोळपाट-लाटणं सुचवलं. म्हटलं आई, ती मेसला जेवणार आहे. तर म्हणे "आणि मेस बंद पडली तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

लेकीची स्वतःची यादी फोनमध्ये होती. पॉवरबँक, इअरफोन, फेसवॉश, भिंतीला लावायची लाईटची माळ, आणि शेवटी "बाकी मम्मी बघेल".

पुढचे आठ दिवस घरात एकच वाद, काय सोलापुरात घ्यायचं आणि काय पुण्यात. माझं म्हणणं सरळ होतं, पुण्यात सगळं मिळतं, रिकाम्या हाताने जाऊ आणि तिथेच घेऊ. बायकोचं म्हणणं, पुण्यात सगळं मिळतं पण पुण्याच्या भावात मिळतं. चादरीवर तर वाद घालायची सोयच नव्हती. सोलापूरची पोरगी पुण्यात जाऊन चादर विकत घेणार? जीआय टॅग काय उगीच मिळालाय का आपल्या चादरीला? टॉवेलला पण मिळालाय, ते वेगळं. मग काय, दोन चादरी हिच्यासाठी, एक रूममेटला द्यायला (तेव्हा रूममेट कोण, कुठली, काही पत्ता नव्हता), एक वॉर्डनबाईंना "ओळख म्हणून", आणि टॉवेल सहा. सोलापुरी चादर अंगावर घेतली की ऊब येते हे खरंय, पण हातात घेतली की खांदा उतरतो हे कुणी सांगत नाही. एकेक चादर दीड-दोन किलोची. लेक म्हणाली, "पप्पा, मी शिकायला चाललेय का चादरीची एजन्सी घ्यायला?"

मग बादली.

सोलापुरातल्याच नव्या पेठेत एका दुकानात गेलो. मला वाटलं होतं निळी का हिरवी एवढाच प्रश्न असेल. दुकानदाराने विचारलं किती लिटरची, आणि आम्ही तिघांनी तीन आकडे सांगितले. मी म्हटलं 10, लेक म्हणाली तुम्ही ठरवा, बायको म्हणाली 20. आता 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो झालं, पोरीचं वजन 46, नळापासून बाथरूमपर्यंत ही बादली नेणार कशी, असं मी हिशोबाने समजावून सांगितलं.

"मग अर्धी भरेल."

"अगं मग अर्धीच घेऊ ना."

"अहो, अर्ध्या बादलीत जाताना सामान कसं बसणार?"

म्हणजे बादली पाण्यासाठी नव्हतीच, ती बॅग होती. पाण्याचा मग, साबण, हँगर, दोरी, चिमटे, झाडू, डबे, सगळं त्यात बसवून वर ओढणी बांधायची, असा प्लॅन आधीच ठरला होता, मला फक्त कळवलं नव्हतं. दुकानदाराने एक बादली उचलली, खाली आपटली, "बघा की ओ, कायबी होत नाही" म्हणाला, मग उलटी ठेवली आणि म्हणाला उभं राहून बघा. बायकोने माझ्याकडे बघितलं. माझं वजन 84 आहे. नव्या पेठेत, भर रस्त्यावर, शनिवारी संध्याकाळी, चपला काढून मी उलट्या बादलीवर उभा राहिलो, आणि नेमका त्याच वेळी आमच्या ऑफिसचा शिपाई समोरून सायकलवर गेला. त्याने नमस्कार केला. मी पण वरूनच केला. बादली टिकली, बायको म्हणाली "आता दुसरी कंपनी बघू", मी म्हटलं मी उतरतो पण परत चढणार नाही. 260 रुपयांची 230 ला मिळाली आणि वर मग फुकट.

घरी आल्यावर मी माझ्या परीने एक शहाणपणाचं काम केलं. हॉस्टेलमध्ये बादल्या पळवतात हे मला अनुभवाने माहीत होतं, मीही पळवलेली आहे. म्हणून लाल ऑइल पेंट आणून बादलीवर पोरीचं पूर्ण नाव, ब्रँच आणि अलॉटमेंट लेटरवरचा रूम नंबर 214, असं ठसठशीत रंगवलं, ते पण दोन्ही बाजूंनी. लेक बराच वेळ त्या बादलीकडे बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "मोबाईल नंबर राहिला."

केटलचं प्रकरण मात्र कायद्यात अडकलं. हॉस्टेलच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की केटल, इस्त्री, इंडक्शन, रॉड, काहीही सापडलं तर जप्त, आणि दंड. त्या हमीपत्रावर सही माझी होती. टॉर्चवाला मेव्हणा महावितरणमध्ये आहे, त्याने जेवताना ताट बाजूला सारून हिशोब मांडला, की केटल 1500 वॅटची, भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपिअर झाले, आणि खोलीतला साधा सॉकेट 6 अँपिअरचा, त्यात एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर तिघींनी तीन केटली लावल्या तर अख्ख्या मजल्याची लाईट जाईल. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आणि पोरीला सर्दी झाली तर वाफ कशाने घेईल?" मेव्हण्याने ताट परत पुढे ओढलं. केटल चादरीच्या घडीत गेली, वॉर्डनबाईंना द्यायच्या चादरीच्या.

जायच्या आदल्या दिवशी सगळं सामान कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर नेऊन मोजलं, कारण रेल्वेत सेकंड क्लासला माणशी 35 किलो फुकट, आमचे तिघांचे 105, आणि मला नियमात राहायची हौस. 87 भरलं. मी खूश. खूश होऊन घरी आलो तर आईने कडक भाकरीची थप्पी काढून ठेवलेली, मोजून 50, शिवाय शेंगाची चटणी 2 किलो. कडक भाकरी महिना महिना टिकते हे मान्य, पण ती न मोडता न्यायची म्हणजे काचेचं सामान नेल्यासारखं न्यावं लागतं, आणि ते काम घरात कोणाला मिळालं असेल ते सांगायला नको. साडेसहाच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये चार तास मी मांडीवर भाकरी घेऊन बसलो होतो. कुर्डुवाडीला एकाने विचारलं, काका, आत काय, देव आहे का?

आता राहिली गादी. गादी पुण्यातच घ्यायची यावर एकमत झालं होतं कारण हुतात्मामध्ये गादी चढवणं मलाही सुचलं नव्हतं आणि नशिबाने बायकोलाही. मी आदल्या आठवड्यात हॉस्टेलच्या ऑफिसला फोन करून ठेवला होता.

"कॉटचं माप काय आहे हो?"

"सिंगल कॉट आहे."

"हो, पण सिंगल म्हणजे किती?"

"सिंगल म्हणजे एकाची."

फोन बंद.

मंडईजवळच्या गादीवाल्याला मी हाच आकडा सांगितला. तो पेपर वाचत होता, पेपर खाली न घेता म्हणाला, "सिंगल असं माप नसतं. सहा बाय अडीच का सहा बाय तीन?" आमच्याकडे उत्तर नाही. लेकीने सिनियर मुलीला मेसेज केला, तिने कॉटचा फोटो पाठवला, त्यावर एक मांजर झोपलेलं. मांजरावरून अंदाज काढायचा प्रयत्न केला, मी म्हटलं मांजर साधारण दोन वितीचं धरलं तर, तेवढ्यात गादीवाल्याने पहिल्यांदा पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. शेवटी बायको म्हणाली मोठीच घ्या, लहान पडण्यापेक्षा मोठी बरी. (शाळेचा युनिफॉर्म घेताना हेच वाक्य होतं, तो दहावीपर्यंत अंगाला आला नाही.) सहा बाय तीन, कापसाची, 12 किलो, 2100 रुपये. भाव कमी करा म्हटलं तर म्हणे "कापूस कमी करू का?"

एवढं झाल्यावर बायको म्हणाली तुम्ही गादी घेऊन मंडईपाशी थांबा, आम्ही दोघी तुळशीबागेत फक्त हँगर घेऊन येतो. हँगर नव्या पेठेत घेतले होते, बादलीत होते, पण मी बोललो नाही. तुळशीबागेत पेशव्यांच्या काळातलं राममंदिर आहे, त्याचं दर्शन पण घेऊ म्हणाली, म्हणजे आता याला नाही म्हणायची सोय नाही. तर मी सुतळीने बांधलेली गादी उभी धरून मंडईबाहेर उभा. आता मंडईची ती इंग्रजांच्या वेळची दगडी इमारत, 1886 सालची, फार देखणी आहे, फक्त अष्टकोनी आहे आणि माझ्यासारख्याला सगळीकडून सारखीच दिसते. दीड तासाने फोन आला, कुठे आहात? म्हटलं मंडईसमोर. त्या म्हणाल्या आम्ही पण मंडईसमोर. मग मी गादी घेऊन डावीकडून निघालो, त्या मला शोधत उजवीकडून निघाल्या, असे आम्ही पाऊण फेरी मारली. एक भाजीवाल्या मावशी मला दुसऱ्यांदा बघून म्हणाल्या, "दादा, टाका की इथंच आणि झोपा."

रिक्षावाला गादी बघून थांबलाच नाही. दुसरा थांबला, त्याने आम्हाला मोजलं. "तिघं बसलात की गादी चौथी होते. चौथी सीट अलाऊड नाही." अर्धा मिनिट मला खरंच वाटलं की गादीचं तिकीट काढावं लागणार. मग मीटरवर 50 जास्त ठरले आणि बसायची व्यवस्था अशी झाली की त्या दोघी सीटवर, 87 किलोतलं बरंचसं सामान पायाशी, गादी आडवी सगळ्यांच्या मांडीवर आणि गादीखाली मी. पुणं बदललंय, मेट्रो आली, पूल आले, असं लोक म्हणतात. मला त्या दिवशी फक्त गादीच्या कापडाची चेक्सची डिझाईन दिसली.

मुलींचं हॉस्टेल, पण पहिल्या दिवशी वडलांना पाच वाजेपर्यंत वर सोडत होते. 214 चा दरवाजा उघडला तर आत लातूरची एक आणि अकोल्याची एक अशा दोघी आधीच आलेल्या, त्यांचे आईवडील पण, आणि खोलीच्या मधोमध दोन बादल्या, वर ओढणी बांधलेल्या. आमची तिसरी ठेवली. तिन्ही बायका एकमेकींच्या बादल्यांकडे बघून अशा हसल्या की जणू माहेरचं कोणी भेटलं. आम्ही तिघे बाप आपापली गादी धरून उभे होतो, कोणी कोणाला काही विचारलं नाही.

कॉट अडीच फुटाची निघाली. गादीचा अर्धा फूट बाहेर लोंबायला लागला, तो मी भिंतीच्या बाजूने वर दुमडून बसवला. लेक म्हणाली "पप्पा, सोफा झाला", आणि फोटो काढला. कपाटाला कुलूप लावायला गेलो तर कुलूप कुठेच नाही. 74 वस्तूंत कुलूप नव्हतं. सुई होती, हळद होती, पोळपाट होता (आईने भाकरीच्या खाली घातला होता, मी तोही चार तास मांडीवर घेऊन आलो), कुलूप नव्हतं. वॉर्डनबाईंची चादर द्यायचा धीर कोणालाच झाला नाही कारण आत केटल होती आणि ती सगळ्यांसमोर बाहेर काढायची कशी.

आता महिना होत आला. आठ दिवसांतच हॉस्टेलवाल्यांनी ब्रँचप्रमाणे खोल्या बदलल्या आणि लेक 309 मध्ये गेली, तिसऱ्या मजल्यावर. पण बादलीवर 214 लिहिलेलं आहे, ऑइल पेंटने, दोन्ही बाजूंनी, आणि मुली फार प्रामाणिक आहेत, बाथरूममध्ये राहिलेली बादली ज्याची त्याच्या खोलीत नेऊन ठेवतात. त्यामुळे ही रोज संध्याकाळी बादली आणायला खाली जाते. पेंट थिनरने जातो का म्हणून विचारत होती, मी म्हटलं बेटा, चांगल्या कंपनीचा घेतलाय, नाही जाणार.

परवा रात्री फोन आला. खोल्यांची तपासणी झाली म्हणाली, अचानक, रेक्टर मॅडम स्वतः. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला.

"केटल?"

"मम्मी, टेन्शन नको घेऊ. मी बादलीत ठेवली होती, वरून ओले कपडे टाकले."

"हुशार गं माझी बाई. आणि बादली?"

पलीकडे जरा वेळ शांतता.

"214 मध्ये नेऊन ठेवली कोणीतरी. तिथे सापडली मॅडमना. माझ्या नावासकट."

बायकोने फोन ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि डायरी घेऊन मागचं पान उघडलं.